पुस्तकाची शिफारस : ग्रंथालयातील रीत व आपली प्राथमिक शाळा

ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाची कर्तव्ये सामान्यतः चार सांगितली जातात : पुस्तके मिळविणे, त्यांची नोंद ठेवणे, ती जागच्या जागी लावणे आणि वाचकास देऊन मुदतीत परत घेणे. या चारांखेरीज एक पाचवे कर्तव्य आहे. ते कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही व त्याचा हिशेबही कोणी मागत नाही. स्वतः वाचलेले आणि मनापासून आवडलेले पुस्तक, ज्याला ते रुचेल अशा वाचकाच्या हाती आपण होऊन देणे, हे ते कर्तव्य होय. प्रस्तुत लेखात यालाच 'शिफारस' असे म्हटले आहे. ही शिफारस ग्रंथालयांत कशी चालते, तिचे तत्त्व काय, आणि स्वतंत्र ग्रंथपाल नसलेल्या आपल्या प्राथमिक शाळांतून ती शिक्षकांस कशी करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

उपनगरांतील देवघेवीचे मेज

उदाहरण मुंबईच्या उपनगरांचे घेतले आहे. मुंबई उपनगर हा जिल्हा १९९० साली मुंबई शहरापासून वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही स्थानके कुर्ला तालुक्यात मोडतात. संपूर्ण जिल्हा नागरी असल्यामुळे तेथे जिल्हा परिषद नाही. मग खेड्यातील शिक्षकांनी या जिल्ह्याकडे का पाहावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, आपल्या गावांतून पोटापाण्यासाठी गेलेल्या असंख्य कुटुंबांनी ही उपनगरे वसविली, आणि राहावयास जागा अपुरी असतानाही तेथील लोकांनी वर्गणी काढून वाचनालये उभी केली. विलेपार्ले येथील लोकमान्य सेवा संघ १९२३ साली लोकमान्यांच्या स्मरणार्थ स्थापन झाला आणि त्याचे ग्रंथसंग्रहालय हे पार्ल्याच्या सार्वजनिक जीवनाचे एक ठाणे बनले. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघानेही आपल्या कार्यात ग्रंथालयास स्थान दिले. शहरात १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ठिकठिकाणी शाखा उघडून पुस्तके लोकांच्या वस्तीजवळ नेली. यांखेरीज स्थानकांच्या आसपास एखाद्या गाळ्यात चालणारी लहान खाजगी वाचनालये होती. त्यांपैकी पुष्कळशी आता बंद झाली आहेत, काही अद्याप तग धरून आहेत.

अशा वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ ही गर्दीची वेळ असते. कचेरीतून परतणारा कारकून गाडीतून उतरून घराकडे जाताना पुस्तक बदलून नेतो. भाजी घेऊन निघालेली गृहिणी पिशवीतून कादंबरी काढते. शाळकरी मुले गोष्टींची पुस्तके घेऊन येतात. सर्वांस घाई असते. कपाटांपुढे उभे राहून शंभर पुस्तके चाळावयास कोणालाच सवड नसते. मग देवघेवीच्या मेजावर बसलेल्या माणसाशी असे बोलणे होते :

"काका, काहीतरी चांगलं द्या हो."

"मागच्या खेपेचं कसं वाटलं?"

"सुरुवात बरी होती, पण पुढं फार लांबलं."

"मग हे घेऊन जा. दीडशेच पानं आहेत. मी परवाच वाचून संपवलं."

या चार वाक्यांत शिफारशीचे सगळे शास्त्र आले आहे. देणाऱ्याने प्रथम चौकशी केली. वाचकाला काय आवडले नाही, हे ऐकून घेतले. त्यावरून निवड केली. शेवटी आपण स्वतः ते वाचले असल्याचे सांगितले. त्याने पुस्तकाची थोरवी गायिली नाही, लेखकास मिळालेली पारितोषिके मोजली नाहीत, 'हे प्रत्येकाने वाचलेच पाहिजे' असे तर तो मुळीच म्हणाला नाही. वाचकानेही ते पुस्तक एवढ्यासाठीच नेले की, आपल्याला ओळखणाऱ्या एका माणसाने ते वाचलेले होते.

दिवाळी अंकांच्या दिवसांत तर या मेजाची खरी कसोटी लागते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला ही सवय जडली आहे. ठराविक वर्गणी भरून वाचनालयातून पाळीपाळीने अंक नेण्याची पद्धत उपनगरांत चांगलीच रुळली. शेकडो अंकांतून कोणता आधी न्यावा, हे वर्गणीदार मेजावरच्या माणसालाच विचारतो. अलीकडे काही ग्रंथालये 'आमच्या आवडीची पुस्तके' अशी पाटी लावून एका फळीवर कर्मचाऱ्यांनी निवडलेली पुस्तके मांडतात व प्रत्येकात चार ओळींची चिठ्ठी ठेवतात. परदेशांतील सार्वजनिक ग्रंथालयांत ही प्रथा सर्वत्र दिसते, आणि तेथे अशा फळीवर चित्रकादंबऱ्याही इतर पुस्तकांच्या बरोबरीने मांडलेल्या असतात. आपल्याकडे पाटी नवी आहे, तिच्यामागील काम मात्र जुने आहे.

शिफारशीचे तत्त्व

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. शियाली रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ग्रंथरूपाने मांडले. त्यांचा आशय असा : ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी संस्था आहे.

यांतील दुसरा व तिसरा सिद्धांत वरवर पाहता एकाच गोष्टीचे दोन उच्चार वाटतात. तथापि त्यांत भेद आहे. दुसऱ्या सिद्धांतात आपण वाचकाकडून सुरुवात करतो : हा मुलगा समोर उभा आहे, याला काय द्यावे? तिसऱ्यात आपण पुस्तकाकडून निघतो : हे पुस्तक तीन वर्षे कपाटात पडून आहे, याला हात लावणारे मूल आपल्या शाळेत कोणते? दोन्ही प्रश्न सोडविण्यासाठी दोन्ही बाजूंची ओळख असणारा माणूस मध्ये लागतो. पुस्तक आपण होऊन वाचकाकडे चालत जात नाही, आणि नवशिक्या वाचकाला तर काय मागावे हेही ठाऊक नसते. मधला माणूस नसेल, तर ग्रंथालय संपन्न असूनही निरुपयोगी ठरते.

उपनगरातील मुलाला असा माणूस वाचनालयात भेटण्याचा संभव तरी असतो. खेड्यातील मुलाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या घरी पाठ्यपुस्तक व दिनदर्शिका यांपलीकडे छापील मजकूर बहुधा नसतो. गावात 'ड' वर्गाचे वाचनालय असले, तर ते थोडा वेळ उघडते आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या मोठ्या माणसांनी भरते. अशा मुलाच्या हाती त्याच्यासाठी मुद्दाम निवडलेले पुस्तक ठेवणारी व्यक्ती एकच असू शकते, आणि ती म्हणजे त्याचे गुरुजी किंवा बाई. चौथी-पाचवीपर्यंत हे घडले नाही, तर पुढे ते घडेलच याची शाश्वती नाही. अक्षरओळख झालेली परंतु वाचनाची गोडी न लागलेली मुले पुढील इयत्तांत कशी मागे पडतात, हे आपण सर्वजण पाहतोच. विषय कोणताही असो, धडा शेवटी वाचावाच लागतो. पुस्तकाच्या शिफारशीकडे शोभेचा उपक्रम म्हणून पाहता येत नाही, याचे कारण हेच आहे.

आदरणीय पुस्तक आणि आवडणारे पुस्तक

शिक्षकांकडून शिफारस करताना जी गफलत सर्वाधिक होते, तिचा येथे स्पष्ट निर्देश केला पाहिजे. आपण मुलाला जे पुस्तक देतो, ते बहुधा आपल्याला पूज्य असलेले असते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' ही महाराष्ट्राची ठेव आहे, याविषयी दुमत नाही. परंतु जो मुलगा एका ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचतो, त्याला हा ग्रंथ पहिलेच पुस्तक म्हणून दिला, तर काय होते? तो चार पाने वाचतो, थकतो आणि पुस्तक दप्तरात ठेवून देतो. आठ दिवसांनी विचारले की मान खाली घालतो. त्याला पुस्तक जड गेले, एवढीच वस्तुस्थिती असते. परंतु तो तिचा अर्थ असा लावतो की, वाचन हे आपले काम नव्हे. हाच ग्रंथ शिक्षकाने एक-एक प्रकरण वर्गास वाचून दाखविला असता, तर त्या मुलाला तो प्रिय झाला असता, व दोन वर्षांनी त्याने तो आपण होऊन मागितला असता.

यास्तव शिफारस करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुलाची आजची वाचनशक्ती, म्हणजे तो ज्या इयत्तेत बसतो ती इयत्ता नव्हे. 'प्रथम बुक्स' ही संस्था आपल्या पुस्तकांवर वाचनाच्या पायऱ्यांचे क्रमांक देते, त्यांचा येथे चांगला उपयोग होतो. दुसरी, मुलाची आवड. मासे, ट्रॅक्टर, कुस्ती, भुते, कोडी यांपैकी ज्याविषयी तो मधल्या सुट्टीत बोलतो, तिकडून आरंभ करावा. तिसरी, शिक्षकाचे स्वतःचे वाचन. न वाचलेल्या पुस्तकाची शिफारस ही शिफारस नव्हे, ती केवळ जाहिरात होय, आणि मुलांना हा फरक चटकन कळतो.

स्वतः वाचून केलेली शिफारस आणि पोकळ शिफारस यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेच्या पुस्तकांविषयी एखादा शिक्षक सांगेल : "हे थोर बालसाहित्यिकाचे पुस्तक असून त्यातून धैर्याची शिकवण मिळते." हे वाक्य खोटे नाही, परंतु त्याने एकही मूल पुस्तकाकडे वळणार नाही. दुसरा सांगेल : "फुरसुंगीचा एक काटकुळा मुलगा आहे. आडनाव फेणे. सायकल अशी हाणतो की, सगळे त्याला फास्टर फेणे म्हणतात. काही गडबड दिसली की, दुसरी मुलं घरी पळतात आणि हा तिकडे पळतो. मग तोंडानं 'टॉक्' असा आवाज काढतो." एवढे बोलून त्याने पुस्तक मेजावर ठेवावे. ते उचलावयास एकापेक्षा अधिक हात पुढे येतील.

शिफारशीत दुजाभाव नसावा, हेही सांगणे अगत्याचे आहे. मुलींना घरगुती गोष्टी व मुलांना साहसकथा अशी वाटणी पुष्कळदा नकळत होते. फास्टर फेणेचा थरार मुलीलाही हवा असतो. उलट माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही लहानग्यांसाठी लिहिलेली व त्यांनीच चितारलेली पुस्तके, किंवा दिलीप प्रभावळकर यांच्या 'बोक्या सातबंडे'च्या खोडकर करामती, यांचा आनंद कोणत्याही मुलास घेता येतो. तसेच आपल्या वर्गातील सर्व मुलांना, ती कोणत्याही वस्तीवरची असोत, पुस्तकांत कोठे तरी आपल्यासारखे मूल भेटावे, अशी दृष्टी निवडीत असावी.

चित्रकथेविषयीचा आकस

मुले आपण होऊन जे सर्वांत आधी उचलतात, ते म्हणजे चौकटींतून चित्रे व संवाद देणारी चित्रकथा. शिक्षक जे सर्वांत आधी हातातून काढून घेतात, तेही तेच. या आकसाचा शांतपणे विचार करावयास हवा.

या प्रकाराचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. १९६४ साली मुंबईतून 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागले आणि परदेशी फँटम मराठी मुलांच्या घरी 'वेताळ' म्हणून आला. हे प्रकाशन १९९० साली थांबले. १९६७ साली अनंत पै यांनी दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत असे पाहिले की, ग्रीक पुराणांतील देवांची माहिती असलेल्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही. त्यातून त्यांनी 'अमर चित्र कथा' ही माला मुंबईत उभी केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांसारख्या चित्रकारांनी ती नावारूपास आणली. १९८० साली पै यांनी मुलांसाठी 'टिंकल' हे नियतकालिक काढले. त्याआधी, १९५२ पासून, 'चांदोबा' मराठीत येऊ लागला होता. त्यात चौकटींच्या चित्रकथेपेक्षा सचित्र गोष्टी अधिक असत, परंतु चित्रामुळे गोष्ट वाचावीशी वाटते हा अनुभव आपल्यापैकी वयस्कर शिक्षकांच्या पिढीला त्यानेच दिला.

चित्रकथेवर मुख्य आक्षेप असा घेतला जातो की, चित्रे असल्यामुळे मूल शब्द वाचीत नाही. प्रत्यक्षात अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या बाबतीत बहुधा उलट घडते. संवादाच्या फुग्यात पाच-सहा शब्दच असतात. त्यांतील एखादा अडला, तर पात्राचा चेहरा व हातवारे त्याचा अर्थ सुचवितात. मूल अंदाज करते, पडताळून पाहते व पुढे जाते. वाचन म्हणजे तरी दुसरे काय? शिवाय दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत जे घडले, ते वाचकाला स्वतःच जुळवावे लागते. पहिल्या चौकटीत मुलगा झाडावर आहे, दुसरीत त्याचा पाय बांधलेला आहे. तो पडला, हे कोठेही लिहिलेले नाही. मूल ते ओळखते. अनुमानाचे हे शिक्षण फुकट मिळत असताना ते आपण का नाकारावे?

दुसरा आक्षेप असा की, हा प्रकार थिल्लर आहे. या बाबतीत जगातील अनुभव ध्यानात घ्यावा. अमेरिकेतील आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांवर नाझी छळछावणीत ओढवलेले प्रसंग 'माऊस' या चित्रकादंबरीत सांगितले. त्यात ज्यू लोक उंदरांच्या व नाझी मांजरांच्या रूपात येतात. १९९२ साली या कृतीस पुलित्झर पारितोषिकाचा विशेष सन्मान मिळाला. आपल्याकडे २०११ साली 'भीमायन' हे मूळ इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे अनुभव दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात आपल्या परंपरागत शैलीत चितारले आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह वडिलांना भेटण्यासाठी निघाला, मसूर स्थानकावर उतरला, जात कळताच गाडीवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले आणि रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही, हा प्रसंग सातारा जिल्ह्यातील आहे. असा विषय ज्या माध्यमात मावतो, त्यास थिल्लर म्हणणे न्यायाचे होणार नाही. हे पुस्तक वरच्या वर्गाच्या शिक्षकांनी मिळवून पाहावे आणि त्यातील चित्रे मुलांना दाखवीत तो प्रसंग आपल्या शब्दांत सांगावा.

याचा अर्थ प्रत्येक चित्रकथा चांगली असते असा मात्र नव्हे. 'अमर चित्र कथे'च्या जुन्या अंकांत राक्षस काळे व नायक गोरे रंगविले जात, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे व ती योग्यच आहे. परंतु त्यावर उपाय पुस्तक लपविणे हा नसून, "दुष्ट माणूस काळाच का बरे काढला असेल?" असा प्रश्न वर्गात विचारणे हा आहे. पुस्तक मुलांच्या हाती असेल, तरच त्याविषयी बोलता येईल.

कपाटाचे कुलूप

आता आपल्या शाळांतील प्रत्यक्ष परिस्थितीकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत ग्रंथालय असून त्यात वृत्तपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके असावयास हवीत. बहुतेक शाळांत थोडीफार पुस्तके पोहोचलीही आहेत. शाळाभेटीत मात्र अनेकदा असे दिसते की, पुस्तके नवी कोरी आहेत, त्यांवर क्रमांक घातलेले आहेत, आणि कपाटास कुलूप आहे. चौकशी केली असता शिक्षक खरे कारण सांगतात : "साहेब, पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागेल."

ही भीती निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. संग्रह नोंदवहीची जबाबदारी मुख्याध्यापकाच्या नावावर असते, बदलीच्या वेळी मोजदाद होते, आणि एक-दोन पुस्तकांवरून होणारा मनस्ताप शिक्षक विसरत नाही. म्हणून व्यवस्थेने व शिक्षकाने दोन्ही बाजूंनी हा प्रश्न सोडविला पाहिजे. वापरून जीर्ण झालेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाची रीत आहे. दरवर्षी शाळा व्यवस्थापन समितीसमोर फाटलेल्या व गहाळ झालेल्या पुस्तकांची यादी ठेवावी, ठरावात नोंद करावी व प्रस्ताव वेळीच केंद्रप्रमुखांमार्फत वर पाठवावा. साचलेली दहा वर्षांची यादी संशय निर्माण करते, दरसालची चार पुस्तकांची यादी करीत नाही. आम्हा तपासणी करणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. पुस्तके किती स्वच्छ आहेत हे पाहण्याऐवजी, कोणत्या पुस्तकाचे कोपरे झिजले आहेत, हे आम्ही पाहावयास हवे.

शिक्षकाने ग्रंथपाल होणे ही कल्पनाही नवीन नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर मोफत ग्रंथालयांची योजना आखली. मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी जात, आणि अनेक गावांत त्या सांभाळण्याचे व पुस्तके देण्याचे काम शाळामास्तरच करीत. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेने पेटीचीच कल्पना पुन्हा उपयोगात आणली. महाबळेश्वराजवळील भिलार हे गाव तर ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले, व तेथील घराघरांत पुस्तके वाचावयास ठेवली आहेत. मोठी इमारत नसतानाही पुस्तक माणसापर्यंत नेता येते, असे ही उदाहरणे सांगतात.

शिक्षकांनी काय करावे

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. एकशिक्षकी व द्विशिक्षकी शाळांतही त्या पाळता येतील, अशाच बेताने त्या दिल्या आहेत.

(१) दर आठवड्यास मुलांचे एक पुस्तक स्वतः संपूर्ण वाचावे. लहान पुस्तकास अर्धा तास पुरतो. वर्षाअखेर शिक्षकाजवळ चाळीसएक पुस्तकांची प्रत्यक्ष ओळख जमा होते, आणि प्राथमिक शाळेस ती भरपूर आहे.

(२) शनिवारी सकाळच्या शाळेत पाच मिनिटे एका पुस्तकाची ओळख करून द्यावी. पात्र कोण, ते कोणत्या अडचणीत सापडले, एवढे सांगून थांबावे. शेवट सांगू नये व तात्पर्य तर मुळीच सांगू नये.

(३) वर्गात दोरी बांधून त्यावर किंवा खिडकीच्या कठड्यावर दहा पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशी मांडावीत. त्यांत तीन-चार चित्रकथा असाव्यात. पंधरवड्याने पुस्तके बदलावीत.

(४) प्रत्येक पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवावी. ज्याला पुस्तक आवडले, त्याने दोन ओळी लिहून खाली नाव घालावे. शुद्धलेखन तपासू नये. "यातला रेडा लई भारी आहे" असे एखाद्या मुलाने लिहिले, तर ते तसेच राहू द्यावे. वर्गमित्राच्या शिफारशीस जे वजन असते, ते आपल्या शब्दास नसते.

(५) देवघेवीची वही वरच्या वर्गातील मुलामुलींकडे पाळीपाळीने सोपवावी. आठवडाभर हे काम करणाऱ्या मुलास "तुला कोणतं आवडलं?" हा प्रश्न इतर मुले विचारतातच, आणि उत्तर देता यावे म्हणून ते मूल स्वतः वाचू लागते.

(६) परत आलेल्या पुस्तकावर परीक्षा घेऊ नये. "कुठपर्यंत वाचलंस?" एवढेच विचारावे. अर्धवट सोडलेले पुस्तक हा अपराध नाही, उलट पुढची निवड अधिक अचूक करण्यास लागणारी ती माहिती आहे.

(७) पुस्तके अपुरी असतील, तर बालभारतीच्या १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरही मराठी सचित्र पुस्तके विनामूल्य आहेत. शाळेतील संगणकावर वा शिक्षकाच्या भ्रमणध्वनीवर ती वर्गास दाखविता येतील. थोडा निधी असेल, तर ज्योत्स्ना प्रकाशनाचे 'वाचू आनंदे' हे माधुरी पुरंदरे यांनी संपादिलेले संकलन जरूर घ्यावे. त्यात मराठीतील अनेक लेखकांची तोंडओळख होते.

(८) गावात सार्वजनिक वाचनालय असल्यास त्याच्या चालकांशी बोलून महिन्यातून एक दुपार मुलांसाठी राखून घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये शासनमान्य झालेल्या ग्रंथालयांस शासन अनुदान देते. त्या संग्रहावर गावच्या मुलांचाही हक्क आहे.

पालकांकडून एक तक्रार येण्याचा संभव आहे : "अभ्यास सोडून पोरं गोष्टी वाचतात." अशा वेळी वाद न घालता पालकांस शाळेत बोलवावे, व त्यांच्या मुलाकडून त्याचे आवडते पान मोठ्याने वाचवून घ्यावे. ज्या आईने स्वतः शाळा पाहिली नाही, तिच्या समोर तिची मुलगी न अडखळता एक पान वाचते, तेव्हा शिक्षकाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. एका शाळेत अशा प्रसंगी आईने इतकेच विचारले, "बाई, हे पुस्तक घरी न्यायला देता का? मला पुढचं ऐकायचंय." त्या दिवसापासून त्या घरी दोन वाचक झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

शिक्षकांसाठीही एका पुस्तकाची शिफारस करावी, असे वाटते. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले आहे. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या एका खोडकर मुलीस रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत प्रवेश मिळतो, आणि तेथील मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचे बोलणे संपेपर्यंत, म्हणजे काही तास, केवळ ऐकत राहतात. मुलाचे आधी ऐकून घ्यावे व मग त्याला काय द्यावयाचे ते ठरवावे, हे ज्यांना पटते, त्यांना हे पुस्तक आवडेल. ज्यांना अद्याप पटलेले नाही, त्यांनी निदान पहिली तीन प्रकरणे वाचावीत.

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपण 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, छायाचित्रे काढली जातात व अहवाल पाठविले जातात. हे सर्व योग्यच आहे. परंतु १६ ऑक्टोबरला कपाट उघडे असते काय, हे अधिक महत्त्वाचे आहे. पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या शाळेतील मुलांनी सर्वाधिक वेळा नेलेले एक पुस्तक बरोबर आणावे, आणि ते आपल्या सहकाऱ्यांस दोन मिनिटांत सांगावे. पुस्तक फाटके असले तरी चालेल.